रात्री नऊचा प्रश्न: ‘पहिला’ म्हणजे कुठला पहिला?

सुलभाबाई (ब-३०४), ९.००
नमस्कार मंडळी. १९ डिसेंबरच्या प्रश्नमंजुषेला आता बारा दिवस राहिले. नियम तेच. गुगल करायचं नाही, एकाने एकच उत्तर द्यायचं, आणि घरात मुलं असतील तर आधी त्यांना विचार करू द्यायचा.
प्रश्न १७: साल १५५६. पोर्तुगालहून एक यंत्र जहाजात चढवलं, ते जायचं होतं इथिओपियाला. वाटेत गोव्यात उतरलं आणि इथेच राहिलं. कुठलं यंत्र?

केतन (अ-१०२), ९.०१
तोफ

मंगलावहिनी (क-२०१), ९.०२
घड्याळ असेल. चर्चच्या मनोऱ्यावर असतं ना, तसलं मोठं.

केतन (अ-१०२), ९.०३
बाई, आई म्हणते तोफेला यंत्र म्हणत नाहीत. बदलू का उत्तर?

सुलभाबाई (ब-३०४), ९.०३
एकाचं एकच उत्तर, केतन. पण आईचा मुद्दा बरोबर आहे. प्रश्नातला शब्द नीट धरला की निम्मं उत्तर हाताशी येतं.

प्रसाद (अ-४०१), ९.०५
छापखाना. जुने गोवे, सेंट पॉल कॉलेज.

सुलभाबाई (ब-३०४), ९.०६
शाब्बास प्रसाद. १० गुण. कसं काढलंस तेही लिही, मुलांना उपयोग होईल.

प्रसाद (अ-४०१), ९.०८
इथिओपियाला पोर्तुगीज तेव्हा कशासाठी जातील? धर्मप्रसाराला. धर्मप्रसारकाला तोफ कशाला लागेल, त्याला पुस्तकं लागणार. म्हणून छापखाना. साल मला पाठ नव्हतं.

विनयभाऊ (क-३०३), ९.११
वा! आशियातला पहिला छापखाना!! कालच आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आला होता, तो इथे टाकतो.
“गोमंतकीयांनो, अभिमान बाळगा. आशियातला पहिला छापखाना: गोवा. आशियातलं पहिलं मेडिकल कॉलेज: गोवा. जगातला पहिला संमोहनतज्ज्ञ: गोवेकर.”
बाई, १९ तारखेला हे तिन्ही प्रश्न घ्या. मुक्तिदिनाला शोभतील.

मंगलावहिनी (क-२०१), ९.१२
👏👏

सुलभाबाई (ब-३०४), ९.२४
विनयभाऊ, तिन्ही विषय घेऊ, पण या शब्दांत नको. थोडं लांब लिहिते.
छपाई चीनमध्ये फार जुनी आहे. दुनहुआंगच्या गुहेत एका बौद्ध सूत्राची छापील प्रत मिळाली, तिच्यावर सालच छापलेलं आहे: इ. स. ८६८. ती लाकडी ठशांनी छापलेली आहे. सुटी अक्षरं जुळवून छापायची युक्तीही चीनमध्ये ११व्या शतकात निघाली, ती अक्षरं भाजलेल्या मातीची होती. कोरियात धातूच्या अक्षरांनी १३७७ साली छापलेलं पुस्तक आजही जपून ठेवलेलं आहे, म्हणजे गुटेनबर्गच्या बायबलच्या आधी ७०-८० वर्षं. आपल्याकडे यंत्र आलं १५५६ला. मग आशियातला पहिला छापखाना गोव्यात कसा म्हणायचा?
आपला मान ‘भारतातला पहिला’ हा आहे. सुट्या धातूच्या अक्षरांचा, युरोपी पद्धतीचा छापखाना भारतात सगळ्यांत आधी गोव्यात चालला. एवढं म्हटलं की कुणी बोट ठेवू शकत नाही.

विनयभाऊ (क-३०३), ९.२८
बाई, तुमच्यासमोर मी काय बोलणार. पण पोरांना जरा उभारी यावी म्हणून असं लिहितात. गोव्याचं नाव मोठं होत असेल तर एका शब्दावरून एवढं कशाला?

सुलभाबाई (ब-३०४), ९.४१
भाऊ, त्या एका शब्दापायी आमच्या घरात काय झालं ते सांगते.
दोन वर्षांपूर्वी माझी नात एका शाळांतर्गत स्पर्धेत शेवटच्या फेरीपर्यंत पोचली होती. बरोबरीचे गुण होते. प्रश्न आला: आशियातला पहिला छापखाना कुठे? तिने ‘चीन’ म्हटलं. पडद्यावर उत्तर झळकलं ‘गोवा’, आणि करंडक दुसऱ्या संघाला गेला. घरी येऊन ती न जेवता बसली आणि मला विचारलं, “आजी, चीनमध्ये कागद होता, शाई होती, मग छापलं नसेल का?” तेरा वर्षांच्या मुलीने डोकं चालवून काढलेलं उत्तर होतं ते. तिचं उत्तर बरोबर आणि पडद्यावरचं चुकीचं, हे मी तिला घरी सांगितलं. पण गुण घरी मिळत नाहीत ना.
तेव्हापासून मी ‘पहिला’ हा शब्द असलेला प्रश्न तीन वेळा तपासल्याशिवाय टाकत नाही. कुठला पहिला, कुठे पहिला, कशातला पहिला? तिन्हींचं उत्तर प्रश्नातच हवं.

रेश्मा (ब-१०३), ९.४३
बाई, किती लागलं असेल तिला. 😔

विनयभाऊ (क-३०३), ९.४४
हे माहीत नव्हतं बाई. तो मेसेज मी आणखी दोन ग्रुपवर टाकलाय. तिथे दुरुस्ती लिहितो. मेडिकल कॉलेजचं काय? तेही चूक?

सुलभाबाई (ब-३०४), ९.४६
पणजीची ‘एस्कोला’, म्हणजे वैद्यकीय शाळा, १८४२ची. कलकत्ता आणि मद्रासची मेडिकल कॉलेजं दोन्ही १८३५ची. त्यामुळे ‘आशियातलं पहिलं’ म्हणता येत नाही. ‘पोर्तुगीज काळात १८४२ साली गोव्यात सुरू झालेली वैद्यकीय शाळा कुठल्या शहरात होती?’ असं विचारू.
त्या संमोहनतज्ज्ञाचं, म्हणजे आबे फारियांचं, तर विधानच बदलायला हवं. जन्म कांदोळीचा, १७५६चा. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे, बाई झोपेत जाते आहे आणि समोर फारिया हात पसरून उभे आहेत. त्यांच्या आधी युरोपात मेस्मर नावाच्या डॉक्टरचं नाव गाजत होतं. पण मेस्मर म्हणायचा की माझ्या अंगातून काही चुंबकासारखी शक्ती वाहते. फारियांनी पॅरिसमध्ये सांगितलं की शक्तीबिक्ती काही नाही, झोप लागते ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनामुळे, सूचनेमुळे. मला विचाराल तर हे ‘पहिला संमोहनतज्ज्ञ’ म्हणण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. प्रश्न यावर काढायचा.

सेक्रेटरी, ९.४७
सूचना: उद्या सकाळी ७ ते ९ टाकी साफ करणार. पाणी भरून ठेवा.

प्रसाद (अ-४०१), ९.५०
बाई, एक शंका. ‘भारतातला पहिला’ मान्य. पण ते पुस्तकं कुठल्या भाषेत छापत होते? पोर्तुगीजच ना?

सुलभाबाई (ब-३०४), ९.५९
सुरुवातीला पोर्तुगीज आणि लॅटिन. १५६३ साली इथेच गार्सिया द ओर्ता यांचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं, आपल्याकडची फळं, मसाले, झाडपाला, सगळं संवादाच्या रूपात. भारतीय लिपीतलं पहिलं छापील पुस्तक मात्र गोव्यातलं नाही. ते तमिळ, १५७८चं, कोल्लमला छापलेलं.
आणि आता आपल्या जिव्हाळ्याचं. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेजुइट धर्मप्रसारक १५७९ला गोव्यात आला आणि शेवटपर्यंत इथेच राहिला. त्याने जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ला रायतूरला, म्हणजे राशोलला छापलं. ओव्या मराठी, पण अक्षरं रोमन!

रेश्मा (ब-१०३), १०.०१
रोमन का? इथल्या लोकांसाठीच लिहिलं होतं ना?

सुलभाबाई (ब-३०४), १०.०४
त्याची फार इच्छा होती इथल्याच लिपीत छापायची. १६०८च्या एका पत्रात त्याने तसं लिहिलंय. अडचणही सांगितलीय: युरोपात चोवीस साच्यांत काम भागतं, इथल्या लिपीला सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील.

केतन (अ-१०२), १०.०५
सहाशे?? आपली अक्षरं तर बावन्न आहेत

दत्तारामकाका (क-००१), १०.२२
केतन बाळा, मी सांगतो. या ग्रुपवर मी कधी लिहीत नाही, सून लिहून देते आहे.
मी तेवीस वर्षं म्हापशात एका छापखान्यात जुळारी होतो. सुटे खिळे जुळवायचं काम. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, नाटकांची हँडबिलं, पंचायतीच्या नोटिसा. डाव्या हातात स्टिक धरायची आणि उजव्या हाताने खणातून खिळा उचलून तीत लावायचा. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. वाचत बसलं तर वेळ जातो, म्हणून खिळ्याच्या अंगाला एक खाच असते ती अंगठ्याला लागली की समजायचं, खिळा सुलटा बसला.
इंग्रजीचं काम आलं तर खण थोडे. मराठीचं आलं की समोर खणांची भिंत. अख्खा क वेगळा, अर्धा क वेगळा. क्ष, ज्ञ, त्र, श्र वेगळे. रफार वेगळा, ‘दुसऱ्या’मधला र वेगळा, रु-रू वेगळे, द्य-द्ध-द्व सगळे वेगळे. मात्रा, वेलांटी, अनुस्वार, आणि मात्रेवर अनुस्वार असेल तर तो पुन्हा निराळा. पत्रिकेवरचा ‘श्री’ आमच्याकडे एकच अखंड खिळा होता. अक्षरं बावन्न, पण खिळे मोजायला बसलास तर सहाशे म्हणणारा तो साहेब खोटं बोलत नव्हता. त्याने नुसतं ऐकून लिहिलेलं नाही. इथल्या कुणाशी तरी बसून एकेक अक्षर मोजलेलं असणार.
काम संपलं की सगळे खिळे रॉकेलने धुवायचे आणि पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात. ‘घ’च्या खणात चुकून ‘ध’ पडला की दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पत्रिकेत ‘धरभरणी’ छापून यायची. म्हणून बाईंचं म्हणणं मला पटलं. एक शब्द, एक खिळा. चुकला की शंभर घरांत चुकीचाच जातो.

रेश्मा (ब-१०३), १०.२४
काका, आम्हाला माहीतच नव्हतं तुम्ही छापखान्यात होता. सहा वर्षं शेजारी राहतो आपण.

सुलभाबाई (ब-३०४), १०.२६
काका, मी ही सहाशेची गोष्ट वर्गात कितीदा तरी सांगितली. पण इतकी नीट आज पहिल्यांदा कळली. मनापासून आभार.

प्रसाद (अ-४०१), १०.३१
मग देवनागरी खिळ्यांनी मराठी कधी छापलं? १८०५, श्रीरामपूर, बंगाल, विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण. बरोबर ना? म्हणजे १६१६पासून १८९ वर्षं वाट पाहिली.

सुलभाबाई (ब-३०४), १०.३४
बरोबर. पण प्रसाद, इथे सांभाळ. त्याच १८०५ साली मिरजेत देवनागरीत भगवद्गीता छापली गेली. ती खिळ्यांनी छापली नव्हती, तांब्याच्या पत्र्यांवर पानंच्या पानं कोरली होती, आणि गीता संस्कृत. म्हणून ‘महाराष्ट्रातलं पहिलं देवनागरी छापील पुस्तक’ विचारलंस तर भांडण होईल. ‘कॅरीचं मराठी व्याकरण कुठे आणि कधी छापलं?’ असं विचार. तिथे ‘पहिला’ हा शब्दच लागत नाही.

विनयभाऊ (क-३०३), १०.३८
बाई, मी करून पाहू का एक? तपासा.
“१५५६ साली इथिओपियाला निघालेला छापखाना गोव्यात राहिला. सुट्या धातूच्या अक्षरांनी छापणारा तो भारतातला पहिला छापखाना. जुन्या गोव्यातल्या कुठल्या कॉलेजात तो बसवला? त्या कॉलेजची आता फक्त कमान उरली आहे.”

सुलभाबाई (ब-३०४), १०.४०
भाऊ, एक काना-मात्राही बदलायची गरज नाही. ज्याला उत्तर येत नसेल तोही कमानीवरून पोचू शकतो, कारण पणजीला जाताना आपण सगळ्यांनी ती पाहिलेली आहे. प्रश्न १८ म्हणून घेते. तुमच्या नावावर.

मंगलावहिनी (क-२०१), १०.४२
लहान मुलांसाठी पण काहीतरी ठेवा हो. सगळं सनावळीचं झालं तर धाकटे उठून जातील.

प्रसाद (अ-४०१), १०.४५
वहिनी, हे चालेल? “मिस्त्रीने पगार घेतला, घमेलं धुऊन ठेवलं, दाराची बिजागरी घट्ट केली, चावी दिली आणि पाव-बटाटा खाऊन गेला.” या वाक्यात पोर्तुगीजमधून आलेले शब्द किती?

केतन (अ-१०२), १०.४६
पाव, बटाटा... ३? चावी पण?

मंगलावहिनी (क-२०१), १०.४९
पगारसुद्धा! आमचे सासरे सांगायचे. मला पाच सापडले.

प्रसाद (अ-४०१), १०.५०
सात. मिस्त्री, पगार, घमेलं, बिजागरी, चावी, पाव, बटाटा.

मंगलावहिनी (क-२०१), १०.५१
बिजागरी पण? घरभर पोर्तुगीज भरलेत म्हणजे. हे नक्की घ्या. मुलांना कागद देऊ आणि घरात फिरून शोधून आणायला लावू.

दत्तारामकाका (क-००१), १०.५५
बाई, छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी मला तो ‘श्री’चा खिळा दिला होता. देवघरात ठेवलाय. स्पर्धेच्या दिवशी खाली आणतो. मुलांनी हातात घेऊन अंगठ्याने खाच चाचपून पाहावी.

सुलभाबाई (ब-३०४), १०.५७
काका, नक्की आणा. शाईची गादी आणि कोरा कागद मी आणते. मुलांच्या हातात नुसता खिळा द्यायचा आणि विचारायचं, ही वस्तू काय आहे? कागदावर दाबून पाहायची मुभा. प्रश्न २०, शेवटचा. घरात कुणी आधी फोडू नका.

केतन (अ-१०२), १०.५८
पण मला तर कळलं

सुलभाबाई (ब-३०४), १०.५९
मग तू त्या फेरीत माझ्याशेजारी बसून गुण लिहायचे. आता झोप, उद्या शाळा आहे.