अनुभव धागा : जीवशास्त्र हातांनी शिकताना (फसलेले प्रयोगही सांगा)

पाचवा तास
नववीला पेशी शिकवत होते. फळ्यावर सुबक आकृती काढली, तर मागच्या बाकावरून प्रश्न, "टीचर, हे खरंच असतं की पुस्तकातच असतं?" दुसऱ्या दिवशी घरून कांदा नेला. सूक्ष्मदर्शकाच्या कपाटाची किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला, तो सोडून द्या. कांद्याचा पापुद्रा, वर आयोडीनचा थेंब, झाकणकाच. प्रश्न विचारणाऱ्यानेच आधी डोळा लावला आणि वहीत काळ्या कडेचं एक मोठं वर्तुळ काढून खाली 'न्यूक्लिअस' लिहिलं. तो हवेचा बुडबुडा होता! पण त्यानंतर वर्गात प्रत्येकाला बुडबुडा आणि पेशी यांतला फरक कळला. आकृतीनं तो कधी कळला नसता.

तर शिक्षक, पालक आणि बाकांवर बसून हे सोसलेले विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा. गोव्यातल्या आमच्या मुलांचं आणखी एक त्रांगडं आहे. चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्रजी आणि झाडामाशांची नावं कोंकणीत. तुम्ही ते कसं सांभाळता तेही सांगा.

माटोळीवाली, फोंडा
बियांच्या प्रसाराचा धडा पुस्तकात कुठेही असो, मी तो चतुर्थीनंतरच घेते. गणपती पोचवल्यावर माटोळी (मूर्तीच्या वर टांगलेली रानफळांची चौकट) उतरवतात, तेव्हा त्यातलं जे चांगलं राहिलं असेल ते मुलांनी आणायचं. पहिल्या वर्षी टेबल पुरलं नाही, जमिनीवर चादर अंथरली. माट्टीची फळं, घागऱ्यो, कवंडळां, कांगलां, तोरिंजन, सुपारीचं शिपटं. अर्धी नावं मला ठाऊक नव्हती. कुळागरातल्या (सुपारीच्या बागायतीतल्या) मुलांना होती, आणि एरवी गप्प बसणारी तीच मुलं त्या दिवशी वर्ग चालवत होती.

माट्टीच्या फळाला पाच पंख असतात. "वाऱ्यानं उडतं," मी ऐटीत सांगितलं आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सोडलं. दगडासारखं खाली! घागऱ्योच्या शेंगा हलवल्या, काही वाजेना. एकीनं विचारलं, "मग घागऱ्यो नाव कशाला?" मी गप्प. सगळं खिडकीत ठेवून दिलं. माटोळीत बरंचसं हिरवं, कोवळं बांधतात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तीनेक आठवड्यांनी शेंगा वाळल्या, बिया देठापासून सुटल्या आणि घुंगरांसारख्या वाजू लागल्या. वाळलेलं माट्टीचं फळही या वेळी भिंतीपर्यंत तरंगत गेलं. फळ तयार होणं म्हणजे काय, हे त्या तीन आठवड्यांत आपोआप शिकवून झालं. कवंडळाचा लालभडक रंग कोणासाठी, यावर मात्र भांडण झालं. "पाखरांसाठी" असं बहुतेकांचं मत. एकजण ऐकेना, "देवासाठी."

एका मुलाच्या आजोबांनी चिठ्ठी पाठवली होती : वेल मुळासकट ओढून आणू नये, एवढं पोरांना शिकवा. ती चिठ्ठी फळ्याशेजारी लावली आहे.

डिचोलीकर
आमच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जायचे तेव्हाची गोष्ट, म्हणजे 2012 च्या बंदीआधीची. रस्त्याकडेच्या आंब्याची पानं तांबडी असायची. मुलांचा अंदाज : धुळीनं पर्णरंध्रं (पानावरची सूक्ष्म छिद्रं) बुजली असणार. पानावर नेलपॉलिश लावायचं, सुकलं की चिकटपट्टीनं उचलायचं, काचपट्टीवर ठेवून बघायचं. नेलपॉलिश कुणाच्या तरी ताईचं, न विचारता आणलेलं. वरच्या बाजूचा ठसा घेतला तर रंध्रंच दिसेनात! खालच्या बाजूचा घेतला तर रंध्रं भरपूर आणि जवळपास स्वच्छ. आंब्याची रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला, धूळ बसते वर. म्हणजे आमचा अंदाज साफ आपटला.

मग एकीनं विचारलं, "धूळ उजेड अडवत असेल का?" दोन पानं घेतली, एक रोज पुसलेलं, एक तसंच. ती स्पिरिटमध्ये उकळून हरितद्रव्य काढलं (स्पिरिट गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून, आगीवर थेट नाही, हे ठळक अक्षरांत वाचा) आणि आयोडीन टाकलं; उजेडात पानात तयार झालेलं पिष्ट त्यानं काळंनिळं होतं. पुसलेलं जास्त काळंनिळं झालं. दोन पानांवरून काही सिद्ध होत नाही, हेही मुलांनीच मला सांगितलं.

पेडण्याची आई
आमच्याकडे प्रयोग फ्रिजच्या मागे झाला. "घरातलं साचलेलं पाणी आणा" असा गृहपाठ होता. फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये अळ्या निघाल्या! पाहुणे आलेले असताना मुलीनं हे मोठ्यानं जाहीर केलं. बाटलीला मलमलीचं फडकं बांधून टीचरनी वर्गात ठेवायला सांगितलं. डोकं खाली, शेपटीकडची नळी पाण्याच्या वर, अशी लटकते ती एडिस किंवा क्युलेक्सची अळी. पाण्याला समांतर आडवी राहते ती ॲनोफिलिसची, मलेरियावाली. शेवटी खोबरेल तेलाचे चार थेंब टाकले, नळीला हवा मिळेना, अळ्या मेल्या. तेव्हापासून दर रविवारी घरात झडती असते. करवंट्या, कुंडीखालच्या ताटल्या, सगळं पालथं. मला आता तिचीच भीती वाटते.

खाजनकाठ
रायबंदरहून फेरीनं चोडणला गेलो, सलीम अली पक्षी अभयारण्यात. पक्षी राहू द्या, आम्ही पानं चाटायला गेलो होतो. खारफुटीतल्या तिवराच्या पानातून मीठ बाहेर टाकलं जातं, ते जिभेला कळतं. कांदळाचं पान तसं खारट लागत नाही, कारण तो मीठ बरंचसं मुळांशीच गाळतो. पण पहिली सहल मी जुलैत काढली. पावसानं सगळं धुतलेलं, पस्तीस मुलं पानं चाटून माझ्याकडे बघतायत! जानेवारीत पुन्हा गेलो तेव्हा मीठ चमकताना दिसलं. परतीच्या फेरीत एक मुलगा म्हणाला, "आमच्या खाजनात (खाडीकाठच्या बांधाच्या शेतात) बांध फुटून खारं पाणी शिरलं की भात मरतं, हे झाड का मरत नाही?" पुस्तकातली 'अनुकूलन'ची व्याख्या मी त्या दिवशी वाचलीच नाही.

निवृत्त मास्तर, म्हापसा
आमच्या काळी बेडूक असायचा. फॉर्मालिनचा वास आणि मुलींचं बाहेर पळणं, एवढंच कित्येकांना आठवतं. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2014 मध्ये महाविद्यालयांतली विच्छेदनं थांबवायला सांगितली, तेव्हा आमच्यातल्या काहींनी गळा काढला. मी नाही. बाजारात मासळी असतेच, तिच्यासाठी वेगळा जीव घ्यावा लागत नाही आणि तास संपल्यावर वाया जात नाही.

दोन मासे हवेत : बांगडा आणि इसवण (सुरमई). इसवण परवडत नाही, म्हणून नुस्तेकान्नीकडे (मासळीवालीकडे) फक्त डोकं आणि आतडी मागायची. बांगड्याचा कल्ला उचला, आत पिसासारखे लांब दाते दिसतात, पाण्यातलं प्लवक, म्हणजे बारीक तरंगते जीव, गाळायला. इसवणीला ती गाळणी जवळजवळ नाहीच, पण जबड्यात सुरीसारखे दात. बांगड्याचं आतडं लांब, इसवणीचं आखूड. कोण काय खातो हे न सांगता मुलांना ओळखायला लावा. एकदा इसवणीच्या पोटात अख्खी तारली निघाली, तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या. आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद का, हे मेअखेरीच्या बांगड्यातली गाबोळी (अंडी) दाखवून सांगा. भाषण लागत नाही.

उर्राकप्रेमी (आता बारावी)
आमच्या मॅडमनी काजूचा नीरो (बोंडांचा रस) बाटलीत भरून तोंडाला फुगा बांधला. यीस्ट घातलं नव्हतं, ते बोंडांवरच असतं. सकाळपर्यंत फुगा टम्म. खुशीत येऊन आम्ही केळ्याचा डीएनए काढायला घेतला. मीठ, भांड्यांचं साबण, गाळून वरून थंड अल्कोहोल. स्पिरिट संपलं होतं, एकानं घरून फेणी आणली. पांढरे तंतू काही दिसेनात. फेणीत अल्कोहोल 42.8 टक्के, डीएनए वेगळा पडायला त्याहून बरंच जास्त लागतं. दरम्यान मुख्याध्यापक वास घेत दारात उभे.

पाचवा तास
@उर्राकप्रेमी, पुढे काय झालं?

उर्राकप्रेमी
मॅडमनी सांगितलं, "सर, निगेटिव्ह कंट्रोल आहे." (म्हणजे तुलनेसाठी मुद्दाम केलेला, काही न होणारा प्रयोग.)

डिचोलीकर
मास्तर, इसवणीचं डोकं फुकट देणारी नुस्तेकान्न म्हापशात नक्की कुठे बसते? प्रयोगासाठी विचारतोय.