श्रीलंकेतला अंधार: दोष राज्यकर्त्यांचा, की स्वस्त विजेची सवय लागलेल्या जनतेचा?

देहिवलाकर (धागाकर्ता)

२०१९ ते २०२३ अशी चार वर्षं मी नोकरीनिमित्त कोलंबोला लागून असलेल्या देहिवल्यात राहिलो. गेल्या आठवड्यात एका लग्नात ओळखीचे गृहस्थ जेवताना म्हणाले, "लंकेतल्या लोकांनी वर्षानुवर्षं स्वस्त वीज जाळली, आणि बिल भरायची वेळ आली तेव्हा राष्ट्राध्यक्षाला पळवून लावलं." लग्नघरात वाद नको म्हणून गप्प बसलो, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून इथे लिहितोय.

३१ मार्च २०२२ ला तिथे तेरा तासांचं भारनियमन होतं. धरणांत पाणी नव्हतं आणि तेल आणायला डॉलर नव्हते. आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही सगळे भाडेकरू अक्का म्हणायचो. सिंहलीतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, आणि लाइट गेली की तिकडचे लोक "लाइट गिया" म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गावाकडच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटलं होतं.

अक्कांच्या यजमानांना मधुमेह. इन्सुलिन फ्रीजमध्ये. तेरा तास वीज नसली की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. अक्का सकाळी मासळीवाल्याकडून बर्फ आणायच्या. तो वितळला की मडक्यात ओली वाळू भरून तिच्यात औषधाच्या कुप्या खोचायच्या, वरून ओलं फडकं टाकायच्या, आणि रात्रीतून दर तासा-दोन तासांनी उठून मडक्याला हात लावून बघायच्या. बाहेर रस्त्यावर गॅसचे रिकामे सिलिंडर साखळीने एकमेकांना बांधून रांगेत ठेवलेले असायचे. माणसं घरी जाऊन दोन घास खाऊन परत यायची, सिलिंडर त्यांचा नंबर धरून असायचा. रांगेला तिकडे 'पोलिम' म्हणतात. त्या वर्षी हा शब्द मी जितक्या वेळा ऐकला तितका दुसरा कुठलाच नाही.

अक्कांनी एक शाळेची वही केली होती. तारीख, किती वाजता गेली, किती वाजता आली. मी विचारलं, हे कशाला? म्हणाल्या, "उद्या हेच लोक सांगतील की असं काही झालंच नव्हतं."

३१ मार्चच्याच रात्री कोलंबोजवळच्या मिरिहानाला राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांच्या घरासमोर लोक जमले. पुढे ९ जुलैला राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान लोकांनी ताब्यात घेतलं, १३ ला ते मालदीवला निघून गेले आणि १४ ला सिंगापूरहून राजीनामा आला.

माझं म्हणणं सरळ आहे. २०१९ च्या अखेरीस सत्तेवर येताच या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ वर आणला. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली. आणि गंगाजळी आटत आलेली दिसत असताना, १८ जानेवारी २०२२ ला परदेशी रोखेधारकांचे ५० कोटी डॉलर चुकते केले. त्यानंतर अडीच महिन्यांत तेरा तासांचा अंधार. एप्रिलमध्ये सांगितलं की आता कर्ज फेडता येत नाही. हे निर्णय घेताना अक्कांना कोणी विचारलं होतं? मग दोष त्यांच्या पदरात कसा?

जुना_मीटररीडर

मी महाराष्ट्रात वीज वितरणात ३१ वर्षं काढली, त्यातली पहिली नऊ दारोदार मीटर वाचण्यात. तुमच्या अक्कांबद्दल मनापासून वाईट वाटतं. तरीही त्या लग्नातल्या गृहस्थांचं म्हणणं मी पूर्ण टाकून देणार नाही.

श्रीलंकेत सप्टेंबर २०१४ मध्ये विजेचे दर २५ टक्के कमी केले. नोरोच्चोलाईचं ९०० मेगावॉटचं कोळसा केंद्र पुरं झालं होतं, आणि चार महिन्यांवर निवडणूक होती. त्यानंतर ऑगस्ट २०२२ पर्यंत दर हललेच नाहीत. आठ वर्षं! मधल्या काळात सरकारं बदलली, रुपया घसरला, तेल महागलं. पहिले ३० युनिट प्रत्येकी अडीच (श्रीलंकन) रुपयांना. पाऊस कमी झाला की डिझेल आणि फर्नेस ऑइल जाळून वीज करायची, तिचा खर्च याच्या कितीतरी पट. फरक कुणी भरायचा? सरकारी बँकांकडून उचल घेऊन तिथल्या सरकारी वीज मंडळाने भरायचा. उधारीवर चाललेलं दुकान कधीतरी बसतंच.

या आठ वर्षांत "आमचे दर वाढवा" म्हणून किती मोर्चे निघाले? २०१९ मध्ये करकपातीचं आश्वासन उघड उघड दिलेलं होतं. ६९ लाख लोकांनी त्याला मत दिलं. दर ठरवणारा आणि मतं मागणारा हात एकच असला की हेच होणार, आणि तो हात लोकांनीच बळकट केलेला असतो. मी बिल वाटायला जायचो तेव्हा शिव्या मलाच खाव्या लागायच्या. वीज स्वस्त मिळत होती त्या वर्षांत कोणी विचारलं नाही की हे परवडतं कसं.

देहिवलाकर

काका, तुमचा अनुभव मोठा आहे, आकडेही बरोबर आहेत. पण त्याच हिशेबाची दुसरी बाजू मांडतो.

महिन्याला ३० युनिट वापरणारं घर, म्हणजे दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही. जुन्या दराने ७५ रुपये विजेचे आणि ३० स्थिर आकार, एकूण १०५. फेब्रुवारी २०२३ च्या वाढीनंतर त्याच घराला युनिटला ३० रुपये आणि स्थिर आकार ४००. म्हणजे १३००. सात महिन्यांत बारा पट! महागाईचा दर त्याआधीच्या सप्टेंबरमध्ये ७० टक्क्यांच्या घरात जाऊन आला होता, पगार होता तिथेच. त्या वर्षी दहा लाखांच्या आसपास जोडण्या बिल थकल्यामुळे तोडल्या गेल्या. आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांची तोडली, तेव्हा त्यांनी मशीन उचलून दाराबाहेर ठेवलं आणि दिवसाउजेडी पायाने चालवायला घेतलं.

दर वाढवायचे होते तर २०१५ ला थोडे, २०१७ ला थोडे वाढवता आले असते. तिथे स्वतंत्र नियामक आयोग आहे, कायदा २००२ चा. आयोग असताना आठ वर्षं हात बांधून कोण बसलं? शिवणकामवाली बाई नक्कीच नाही.

पारिजात

दोघांचंही वाचलं. एक गोष्ट दोघांच्याही लिहिण्यात नाही.

मी टोरांटोत शिकत असताना माझी रूममेट श्रीलंकेच्या उत्तरेतल्या जाफनाची तमिळ होती. यादवी युद्धाच्या काळात जाफना राष्ट्रीय ग्रिडपासून, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यापासून, तुटलेलं होतं. तेरा तास कशाला, तिच्या बालपणातली वर्षंच्या वर्षं विजेविना गेली. सरकार रॉकेल तिकडे पोहोचू देत नव्हतं, म्हणून काचेच्या बाटलीत चमचाभर तेल, कापसाची वात, आणि तेवढ्या उजेडात चार भावंडांचा अभ्यास. रेडिओ ऐकायचा तर सायकल स्टँडवर उभी करून पॅडल मारायचं, डायनामोवर बातम्या लागायच्या. कोण पॅडल मारणार यावरून भांडणं व्हायची, असं ती सांगायची. युद्धानंतर जाफनाजवळच्या चुन्नाकमला वीज केंद्राच्या तेलाने आसपासच्या विहिरी नासल्या. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा आदेश दिला तेव्हा कुठे त्या लोकांचं म्हणणं खरं धरलं गेलं.

२०२२ मध्ये कोलंबोत गॉल फेसच्या मैदानावर आंदोलकांचे तंबू लागले तेव्हा मी तिला उत्साहाने फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता त्यांना कळलं अंधार कसा असतो." तिच्या आवाजात आनंद नव्हता, खूप थकवा होता. युद्ध जिंकून देणारे म्हणून ज्या राजपक्षेंना डोक्यावर घेतलं, त्यांनाच २०१९ मध्ये परत आणलं. 'जनता निर्दोष' म्हणताना कुठली जनता, हे एकदा ठरवायला हवं.

देहिवलाकर

पारिजात, हे खरं आहे आणि मला बोचलं. मी ज्या गल्लीत राहिलो तिथे जाफनाचा विषय निघाला की लोक चहा आणायला उठायचे. अक्कासुद्धा.

वाहिनी_१३२

मी ट्रान्समिशनमध्ये, म्हणजे वीजवहनात, काम करतो. तुम्ही नेता दोषी की मतदार दोषी यात अडकलाय, आणि यंत्रणा बाजूला राहतेय. नेता बदलून काय झालं ते बघा.

सप्टेंबर २०२४ ला अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. नोव्हेंबरमध्ये संसदेत त्यांच्या आघाडीला २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. याहून मोठा कौल कोणाला हवा? आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला, रविवारी सकाळी अकराच्या पुढे, अख्खा देश अंधारात गेला. पनादुराच्या उपकेंद्रात माकड चिकटलं, असं मंत्र्यांनी सांगितलं.

माकडं आपल्याकडेही उपकेंद्रात शिरतात. फीडर (त्या भागाची वीजवाहिनी) ट्रिप होतो, फार तर तालुका बंद पडतो. देश बंद पडायला आणखी काही लागतं. रविवारी मागणी कमी, ऊन कडक, छतावरचं सौर जोरात. अशा वेळी ग्रिडवर जड फिरती टर्बाइनं थोडीच असतात, म्हणजे धक्का सोसायला वजनच नसतं. एका ठिकाणी दोष झाला, व्होल्टेज पडलं, सौर इन्व्हर्टर एका दमात बाहेर गेले, वारंवारिता (फ्रिक्वेन्सी) कोसळली, आणि नोरोच्चोलाईचे तिन्ही संच बंद झाले. कोळशाचा संच एकदा थंडावला की परत यायला दिवस लागतात, म्हणून पुढचे दोन दिवस दीड-दीड तासाचं भारनियमन. एप्रिलमध्ये सिंहली-तमिळ नववर्षाच्या सुट्टीत तर लोकांना छतावरचं सौर बंद ठेवण्याची विनंती करावी लागली. ज्याने पदरमोड करून पॅनेल बसवले त्याने ते भर उन्हात बंद करायचे.

नोरोच्चोलाईनंतर कोळशाचं दुसरं केंद्र झालं नाही. सांपूरचं भारताच्या मदतीने व्हायचं होतं, ते २०१६ मध्ये रद्द केलं. ते योग्य होतं असंही म्हणता येईल, पण त्याच्या जागी काय, हे ठरवायला जी वर्षं गेली ती गेली. बॅटरी साठवण, वहनवाहिन्या, दोष आला की वाहिनी तोडणारे संरक्षण रिले यांवर भाषण होत नाही आणि फीतही कापता येत नाही. कोलंबोत ३५० मीटरचा कमळ मनोरा मात्र उभा राहिला.

जुना_मीटररीडर

वाहिनी, तुम्ही माझंच म्हणणं पुढे नेलंत. पैसा नसेल तर रिले कुठून येणार? दर दाबून ठेवले की पहिली कात्री देखभालीला लागते. मी ती लागताना पाहिली आहे. ट्रान्सफॉर्मरचं तेल बदलायचं वर्ष पुढे ढकललं जायचं, मग आणखी एक वर्ष, आणि एका मे महिन्यात तो उडायचा. लोक आमच्या कार्यालयावर यायचे.

धागाकर्त्यांना एकच विचारतो. ९ मे २०२२ ला आधी सरकारच्या समर्थकांनी आंदोलकांना मारहाण केली, हे मान्य. पण त्यानंतर एका रात्रीत किती पुढाऱ्यांची घरं पेटवली गेली? निट्टंबुवात एक खासदार जमावाच्या हातून मारले गेले. ९ जुलैला तेव्हाचे पंतप्रधान रानिल विक्रमसिंघे यांचं खासगी घर जाळलं, त्यांचा ग्रंथसंग्रह खाक झाला. कुठल्या भारनियमनाची ही भरपाई? आमच्या एका लाइनमनला २०१० च्या आसपास जमावाने खांबाला बांधलं होतं. भारनियमन त्याने ठरवलेलं नव्हतं. त्या दिवसापासून 'जनतेचा राग' हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो.

पारिजात

काका, तुमच्या लाइनमनचं वाचून वाईट वाटलं. पुस्तकांचं म्हणाल तर १९८१ मध्ये जाफनाचं अख्खं ग्रंथालय जाळलं होतं. दोन्ही जाळपोळी चूकच.

देहिवलाकर

घरं जाळली त्याचं समर्थन मी करणार नाही. अक्कांनीही केलं नव्हतं. खासदाराची बातमी आली त्या रात्री त्यांनी देवापुढे दिवा लावला होता. पण काका, एक फरक मला सोडवत नाही. १४ नोव्हेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने गोटाबाया, त्यांचे भाऊ महिंदा आणि बासिल राजपक्षे आणि केंद्रीय बँकेचे माजी गव्हर्नर यांच्यासह काही जणांना आर्थिक संकटासाठी जबाबदार धरलं, लोकविश्वासाचा भंग केला असं स्पष्ट सांगितलं. याचिकाकर्त्यांना खर्चापोटी दीड-दीड लाख रुपये. त्यापलीकडे कोणाच्या घरचं मीटर तुटलं? शिवणकामवाल्या बाईचं तुटलं. आठ वर्षं दोघांनी मिळून चूक केली असं धरलं तरी शिक्षा एकाच बाजूला का जमा होते?

स्वस्त विजेचा मोह लोकांना होता, हे मी मान्य करतो. लग्नात गप्प राहिलो ते बहुतेक त्यामुळेच. पण मोह असणं आणि तिजोरीची किल्ली हातात असणं, या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका.

वाहिनी_१३२

नियामक आयोग दरवाढीआधी जाहीर सुनावणी घेतो ना तिकडे? लोक जातात का?

देहिवलाकर

जातात. अक्का एकदा गेल्या होत्या, वही घेऊन. मोजकी मिनिटं मिळाली. त्यांनी मार्च २०२२ चं पान तारखेवार वाचून दाखवलं, कुप्या आणि मडक्याचं सांगितलं, आणि विचारलं की आता बारा पट बिल घेणार तर हे पुन्हा होणार नाही असं लिहून द्याल का. कोणी लिहून दिलं नाही. पण त्या म्हणाल्या, समोरच्या टेबलावरची एक मुलगी ते सगळं उतरवून घेत होती.

जुना_मीटररीडर

त्या वहीत मीटरचं रीडिंगही आहे का? असेल तर एखाद्या महिन्याचं पान पाठवा. बिलाशी ताडून बघतो. मला अजून ते जमतं.

देहिवलाकर

आहे. २०२३ पासून रोज सकाळी सहाचं. मागच्या वर्षी यजमान गेले, ते तीन दिवस फक्त कोरे आहेत. आज रात्री त्यांना फोन करून पानं मागवतो.