मदत हवी आहे: निश्चयक शून्य आला की पुढे काय?

भाची दहावीला आहे. ३७क्ष + ६३य = १३७ आणि ६३क्ष + ३७य = १६३ हे ती बेरीज-वजाबाकी करून चुटकीसरशी सोडवते (क्ष = २, य = १). तरी तिचा जीव क्रेमरच्या पद्धतीवर (सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांची वजाबाकी म्हणजे निश्चयक; असे तीन निश्चयक काढून भागाकाराने क्ष, य मिळवायचे). मला इथे ती उगाच लांबण वाटते, -२६०० वगैरे आकडे सांभाळत बसायचे.

अडलंय ते असं: २क्ष + ३य = ७ सोबत ४क्ष + ६य = १४ घ्या किंवा ४क्ष + ६य = १५, निश्चयक शून्यच. पण पहिल्यात अगणित उकली, दुसऱ्यात एकही नाही. आलेखावर एकच रेषा किंवा समांतर रेषा दिसल्या की तिला पटतं. आलेख न काढता, उरलेल्या दोन निश्चयकांवरून (क्ष किंवा य च्या सहगुणकांच्या जागी उजवीकडचे आकडे घालून येणाऱ्या) हा फरक का कळतो, ते दहावीच्या मुलीला कसं समजावाल? सूत्र पाठ आहे, कारण हवंय.