शब्दचर्चा: 'परमिटलेस कॅरी'ला मराठीत काय म्हणाल?

खटपट्या: अमेरिकेतल्या बंदुकीच्या कायद्यांवर मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहितोय आणि गाडी शब्दांवर अडलीय. 'परमिटलेस कॅरी'ला सरळ 'विनापरवाना पिस्तूल बाळगणे' लिहिलं, पण वाचताना ते पेपरातलं 'विनापरवाना पिस्तूल बाळगल्याप्रकरणी दोघांना अटक' वाटतं. 'कन्सील्ड कॅरी'चं 'छुपं शस्त्र' केलं तर तेही चोरट्यासारखंच. काही सुचतंय का?

शेंगदाणा: गुप्ती! काठीत लपवलेलं पातं, शब्द आयता तयार आहे की.

ह्यूस्टनकर: गुप्ती हे हत्याराचं नाव झालं हो, बाळगण्याच्या पद्धतीचं नाही. 'विनापरवाना' मात्र नकोच. आमच्या टेक्ससात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला, त्याच्यावर कायद्याने दुसरी काही बंदी नसेल तर, हँडगन बाळगायला लायसन्स लागत नाही, पण लायसन्स बंद झालेलं नाही, दुसऱ्या राज्यांत चालतं म्हणून लोक अजूनही काढतात. व्हरमाँटला तर परवाना कधी नव्हताच. आता निम्म्याहून जास्त राज्यांत हेच आहे, म्हणून मी 'परवानामुक्त' म्हणेन, करमुक्तसारखं, त्यात गुन्ह्याचा वास येत नाही. आणि 'छुपं'ऐवजी 'झाकून बाळगणं' लिहा, कारण इथे झाकून आणि उघड हे दोन्ही कायदेशीर प्रकार आहेत आणि दुकानदाराला दोन्हींसाठी वेगळ्या पाट्या लावाव्या लागतात, झाकून आणायला मनाई करणारी कलम ३०.०६ ची आणि उघड आणायला मनाई करणारी ३०.०७ ची, इंग्लिश-स्पॅनिश दोन्हीत, अक्षरं किमान एक इंच उंच. दारावरची अर्धी काच त्यातच जाते.

काळा_कोट: परमिटलेसपेक्षा अवघड जोडी 'मे इश्यू' आणि 'शॅल इश्यू'ची आहे. पहिल्यात परवाना द्यायचा की नाही हे अधिकारी ठरवतो, दुसऱ्यात अटी पुऱ्या केल्या की त्याला द्यावाच लागतो, म्हणून मी 'मर्जीचा परवाना' आणि 'हक्काचा परवाना' म्हणतो. न्यूयॉर्कमध्ये नुसतं स्वसंरक्षणासाठी पाहिजे म्हणून भागत नव्हतं, तुम्हालाच इतरांपेक्षा जास्त धोका का ते पटवून द्यावं लागायचं, म्हणजे साहेबाची मर्जी. २३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ब्रूएन खटल्यात ६ विरुद्ध ३ ने ती अट उडवली, आणि न्यू जर्सीनेही आपली तसली अट लगेच सोडली. मग न्यूयॉर्कने नवा कायदा करून टाइम्स स्क्वेअरसारख्या जागाच बंदुकीला बंद केल्या. आपल्याकडे अजून मर्जीचाच कारभार, शहरात पोलीस आयुक्त, जिल्ह्यात कलेक्टर.

खटपट्या: मर्जीचा आणि हक्काचा, वा, हे घेतो. 'स्टँड युअर ग्राउंड'चं काय? 'ठाण मांडणे' बरोबर वाटतं का?

काळा_कोट: नाही. ठाण मांडणारा हटवादी वाटतो, उपोषणाला बसल्यासारखा. मुद्दा एवढाच आहे की पळून जायची वाट असतानाही पळायची सक्ती नाही. म्हणून उलटीकडून सांगा, 'माघारीची सक्ती नाही'. घरात ही सक्ती बहुतेक ठिकाणी आधीपासूनच नव्हती, फ्लोरिडाने २००५ साली ती सूट उंबरठ्याबाहेर रस्त्यावर आणली. जिथे असायचा तुम्हाला हक्क आहे तिथे जिवाचा धोका वाजवी वाटला तर आधी मागे सरायला हवं असं नाही. भांडण तुम्हीच उकरून काढलंत तर मात्र गोष्ट वेगळी. भारतात पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता का हे पाहिलं जातं आणि बचावापुरतंच इजा करता येते, भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ कलमं बघा.

शेंगदाणा: गुप्ती मागे घेतो. आणि ते 'प्रिंटिंग' म्हणतात ते काय? पिस्तुलाचा फोटो छापतात का?

ह्यूस्टनकर: 😄 शर्टाखालून पिस्तुलाचा आकार दिसणं. मराठीत 'उठणं' म्हणा, गालावर बोटं उठतात तसं. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात पातळ टीशर्टात हमखास उठतं.