गिट्टी खदानीचा विस्तार : वन्यजीवांवरील परिणामाचा अहवाल कसा तपासावा?

वैनगंगाकाठ
आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात आहे. गावाशेजारी बऱ्याच वर्षांपासून गिट्टीची खदान चालू असून, पट्टाधारकाने आता लगतच्या टेकडीपर्यंत पट्टा (खाणकामासाठी दिलेली जमीन) वाढवण्यासाठी अर्ज केला आहे. अर्जासोबतच्या अहवालात प्राण्यांची एक यादी आहे आणि तिच्याखाली विस्तारामुळे वन्यजीवांवर विशेष परिणाम होणार नाही, एवढेच म्हटले आहे. टेकडीच्या पायथ्याशी बोडी, म्हणजे लहान तळे, आहे. उन्हाळ्यात तेथे चितळ आणि रानडुकरे पाण्यावर येतात, आणि मोहफुलाच्या दिवसांत अस्वल दिसते असे गुराखी सांगतात. मी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. खदानीवर गावातील काही घरे चालतात, त्यामुळे सरसकट विरोध करण्याचा आमचा विचार नाही. मात्र लेखी म्हणणे मांडण्यापूर्वी हा अहवाल पुरेसा आहे की नाही, हे कसे ठरवावे?

रानवाट
यादीत किती नावे आहेत यापेक्षा ती नावे कोणी, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोठे फिरून नोंदवली, हे आधी पाहावे. ही माहिती अहवालात नसेल, तर "आढळले नाही" या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही, कारण अस्वल, तडस, साळिंदर आणि खवले मांजर हे रात्री वावरणारे प्राणी दुपारी जीपमधून केलेल्या पाहणीत दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी पाऊलखुणा, विष्ठा व बिळांचा शोध घ्यावा लागतो आणि पाणवठ्याच्या वाटांवर कॅमेरा सापळे (प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे) लावावे लागतात.

दुसरी त्रुटी हंगामाची असते. अशा अहवालांसाठी मूळ माहिती बहुधा पावसाळा वगळून एकाच हंगामात गोळा केली जाते, आणि त्यामुळे बेडूक, पावसाळी डबक्यांवर जगणारे जीव आणि बोडीचे खरे स्वरूप नोंदीतून सुटते. बोडीत पाणी टेकडीवरून उतरत असेल, तर उत्खननाने तो उतारच बदलेल. म्हणून पाण्याचा मार्ग नकाशावर दाखवण्याची मागणी आवर्जून करावी.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही. जुन्या खदानीचा बंद पडलेला भाग हाही अधिवास असतो. तेथील उभ्या कड्यांच्या कपारींत शृंगी घुबड साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात अंडी घालते, तर मातीच्या भिंतींत वेडा राघू उन्हाळ्याच्या सुमारास बिळे करतो. विस्ताराची सुरुवात याच कडेपासून होणार असेल, तर नव्या टेकडीइतकीच या कडेची पाहणी महत्त्वाची आहे.

एक सोपी खूणही सांगतो. वन्यजीव संरक्षण कायद्यातील 2022 ची सुधारणा 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि त्यातील सहा अनुसूचींच्या (कायद्याला जोडलेल्या याद्यांच्या) चार झाल्या. आता तिसऱ्या अनुसूचीत वनस्पती आहेत. आपल्या अहवालात चितळ अजूनही तिसऱ्या अनुसूचीत दाखवले असेल, तर ती यादी कोठल्या तरी जुन्या अहवालातून उतरवली असण्याचीच शक्यता अधिक.

सातबारा
प्राण्यांकडे वळण्याआधी जमिनीची नोंद पाहावी. विस्ताराच्या जमिनीची नोंद झुडपी जंगल अशी असेल, तर 22 मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ती वनजमीन ठरते आणि वनेतर वापरासाठी केंद्राची परवानगी लागते. घोडाझरी अभयारण्याची हद्द आपल्यापासून किती दूर आहे, हेही मोजून घ्यावे. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्याच्या हद्दीपासून 1 किलोमीटरच्या आत खाणकामास न्यायालयाची मनाई आहे. शिवाय 500 मीटरच्या आत दुसरे पट्टे असतील, तर त्यांचा एकत्रित विचार व्हायला हवा. एकेका लहान पट्ट्याचा परिणाम क्षुल्लक दिसतो, आणि पट्ट्यांचे तुकडे करण्यामागे पुष्कळदा तेच गणित असते.

क्रशरवाला
मी याच व्यवसायात आहे. वरील सूचना योग्य आहेत, परंतु प्रत्येक पट्ट्यासाठी वर्षभराचे सर्वेक्षण मागितले, तर लहान पट्टाधारक ते करणार नाही. तो कागदच तेवढा जाड करील. त्याऐवजी पाळता येतील आणि गावाला तपासता येतील अशा अटी मागाव्यात. सूर्यास्तानंतर वाहतूक, क्रशर आणि दिवे बंद ठेवणे, सुरुंगाची वेळ ठरवून गावात कळवणे, बोडीच्या बाजूने झाडोऱ्याचा रुंद पट्टा अबाधित ठेवणे आणि धुळीवर पाणी मारताना ते बोडीतून न उचलणे, एवढे झाले तरी पुष्कळ फरक पडतो.

रानवाट
अटींबाबत सहमत आहे. मात्र दिवे कोठे बंद ठेवायचे आणि झाडोरा कोणत्या बाजूने राखायचा, हे प्राण्यांच्या वाटा कळल्याशिवाय ठरणार नाही. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा एवढे सर्वेक्षण मागावेच.

वैनगंगाकाठ
सर्वांचे आभार. यादी पुन्हा पाहिली; चितळ तिसऱ्या अनुसूचीतच दाखवले आहे. पटवाऱ्यांकडून जमिनीचा उतारा मिळवतो, आणि गुराख्यांनी सांगितलेल्या वाटा, ठिकाण व महिन्यासह, समितीच्या जैवविविधता नोंदवहीत लिहून घेतो.