मदत हवी आहे: लसीचं कार्ड हरवलं, परवा सत्र आहे

कवठ्याची_सून
घर बदलताना बाळाचं लसीकरण कार्ड गेलं. परवा अंगणवाडीत सत्र आहे. सासूबाई म्हणतात, कार्ड नाही म्हणजे सगळे डोस पहिल्यापासून. खरं आहे का? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा, लवकर.

मिरज_जंक्शन
वय किती? कुठले डोस झालेत? सरकारी की खासगी? आम्ही काय पंचांग घेऊन बसलोय का ताई?

हरिपूरचं_पेव
डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा, वण बघा. असला की झालं. आमच्या वेळी कुठली कार्डं!

मिरज_जंक्शन
काका, त्यानं बीसीजीचं कळेल. पेंटाचं, त्या पाच रोगांवरच्या एकत्र लशीचं, काय?

कवठ्याची_सून
१५ महिन्यांचा आहे. जन्माचे, दीड महिन्याचे, अडीच महिन्यांचे डोस पुण्यात सरकारीतच झाले. मग मला टायफॉइड, मग माहेरी तासगावात द्राक्षाची गडबड, राहिलं ते राहिलंच. गोवराचाही नाही. वण आहे, आत्ता बाही वर करून पाहिला, मसुरीच्या डाळीएवढा.

विश्रामबागचा_बाप
सरळ खासगीत जा. न दुखणारी लस मिळते. आमच्या मुलीला ताप पण आला नाही.

मिरज_जंक्शन
विचारलंय काय, सांगताय काय. आणि फुकट मिळतंय ते विकत का घ्यायचं?

निवृत्त_सिस्टर
भांडू नका. त्या न दुखणाऱ्या लशीत डांग्या खोकल्याचा घटक वेगळा असतो, म्हणून ताप कमी; पण त्या खोकल्यापासूनचं संरक्षणही लवकर ओसरतं.
सूनबाई, पहिल्यापासून काही नाही. कितीही खंड पडला तरी राहिलं तिथून पुढे. पेंटाचा एक डोस जरी बाळाला वर्ष भरायच्या आत झाला असेल, तरी उरलेला आता देतात. गोवर-रुबेलाचा पहिलाही त्याच दिवशी, दुसरा किमान ४ आठवड्यांनी. पेंटा डाव्या मांडीत, गोवर-रुबेला उजव्या दंडात, पोलिओचे थेंब तोंडात, सगळं एका बैठकीत चालतं. टोचल्यावर अर्धा तास तिथंच थांबा, मांडी चोळत बसू नका. आधीच्या डोसांची नोंद युविनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदीत, असेल. तेव्हा कुठला मोबाईल नंबर दिला होता?

बेडगचा_बाळू
शेतात कुत्रं चावलं तर आधी १५ मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन. हळद, चटणी भरू नका.

हरिपूरचं_पेव
कुत्रं कुठनं आलं मध्येच? आणि हळदीला नावं ठेवायची नाहीत.

बेडगचा_बाळू
आमच्या चुलत्यानं भरलेली. म्हणून सांगितलं.

कवठ्याची_सून
सिस्टर, नाक वाहतंय त्याचं. सासूबाई नेऊ देत नाहीत.

निवृत्त_सिस्टर
साध्या सर्दीसाठी लस थांबवत नाहीत. त्यांनाच सत्राला घेऊन जा, तिथल्या सिस्टरच्या तोंडून ऐकतील. आणि नंबर?

कवठ्याची_सून
माझं रिचार्ज संपलेलं, म्हणून मामंजींचा दिला होता. ओटीपी मागवलाय. फोन मामंजींच्या कोपरीच्या खिशात आणि मामंजी बागेत फवारणीला. दिराला गाडीवर पिटाळलंय.

मिरज_जंक्शन
दीर पोचेपर्यंत ओटीपीची मुदत संपली असणार. परत मागवा.