सिव्हिल, जिऑलॉजी आणि एमएसडब्ल्यू एकाच प्रोजेक्टवर, जमतच नाहीये

गिरणाकाठ:
मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका गावाचा पाण्याचा आराखडा करायचाय, टीममध्ये एक जिऑलॉजीचा पोरगा आणि एक एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्य शिकणारी मुलगी. मी नाल्याची रुंदी, उतार, काठ बघून सिमेंट बंधाऱ्याची जागा काढली, कमी खर्चात भरपूर साठा होतोय, तर हा म्हणतो खाली काळा पाषाण आहे, पाणी मुरणारच नाही. ती म्हणते आधी विहिरीवाल्यांना विचारा. दोन महिने झाले, तिघांच्या तीन फायली. कुणी असं काम केलंय का?

खडकवाट:
भावा, त्याचं ऐक. आपल्याकडे लाव्हाचे थर एकावर एक बसलेत, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, त्यातल्या घट्ट पाषाणात पाणी फक्त भेगांतून जातं, पाणी धरतो तो मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा खडक आणि वरचा झिजलेला भाग. पण गंमत बघ, बंधाऱ्याच्या पायाला तुला तोच पाषाण हवा आणि मुरायला त्याला तो नको, तुमचं भांडण नेमकं तिथं आहे. दोघंही बरोबर आहात. साठवायचंय का मुरवायचंय हे आधी ठरवा, मग जागा.

गावकूस:
आणि ते गावाशिवाय ठरत नाही. आमच्या टीमचा नकाशा तयार होता, एक आजी म्हणाल्या माझ्या विहिरीला डाव्या अंगानं झरा आहे, दिवाळीनंतर आटतो. आमचा जिऑलॉजिस्ट दोर धरून खाली उतरला तर बरोबर तिथंच गेरूचा थर, त्याच्यावरून पाणी झिरपत होतं, नकाशा बदलावा लागला. हिवरे बाजार गावात पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरतात, तिथं आकडा आणि माणसं एकाच बैठकीत असतात. तुम्ही तिघं एकदा एकाच विहिरीच्या काठावर उभे राहा, लॅपटॉप घरी ठेवून.

गिरणाकाठ:
ताई, रविवारी गेलो. ११ विहिरी बघितल्या, वरच्या अंगाच्या चार विहिरींमध्ये मांजऱ्या दिसला, शेतकरी पण म्हणाले की पहिलं पाणी तिथंच चढतं. बंधारा वर सरकवतोय, पाया खोल जाणार म्हणजे खर्च वाढणार, तो हिशोब आज रात्री काढतो. पाणीपातळी कधी मोजायची?

गावकूस:
मे अखेर आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात, दोन्ही वेळेला त्याच विहिरी. काठावर रंगाची खूण करा आणि दरवेळी तिथूनच टेप सोडा, आणि मोटार चालू असेल तर आधी बंद करायला सांगून पाणी स्थिर होऊ द्या.